विटेतली चार बोटं

त्या काळ्या म्हाताऱ्या गवंड्यासोबत मी शेवटचं जेवलो, ते मुलाच्या घराशेजारच्या जुन्या, खांबांच्या बंगल्यामागच्या पायरीवर. बायको गेली आणि एकोणीसशे पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुलाने मला अमेरिकेत, जॉर्जियाला आणलं. दिवसभर बोलायला हाच एक. थापी थांबल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. प्रत्येक वीट वाजवून ऐकायचा.

"या बंगल्याचं स्वयंपाकघर घरापासून लांब का?" तो दुरुस्त करत होता त्या विटांच्या खोलीकडे बघत मी विचारलं.

"आग लागली तर मालकाचं घर वाचावं, मिस्टर. आत आमचे लोक असले तरी चालायचं."

मग त्याने त्या स्वयंपाकघराच्या भिंतीतली एक वीट दाखवली. ओल्या मातीत उमटलेली लहान मुलाची चार बोटं.

"गुलामांच्या पोरांनी ओल्या विटा वाहिल्या. नावं कुणी लिहिली नाहीत."

मी बोटं लावून पाहिली. माझ्या बायकोचा धड फोटोसुद्धा नाही.

बंगल्याच्या आताच्या मालकिणीने त्याला बजावलं होतं, सगळी भिंत गिलाव्याने झाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर भिंत गुळगुळीत झालेली आणि मधे ती एक वीट उघडी. मालकीण ओरडत होती, "एवढी राहिली!"

"राहिली नाही, मॅडम. ठेवलीय," तो म्हणाला, आणि थापी पुसून पिशवी उचलून चालता झाला.