भैरवीला उठणारे

कोथरूडच्या पटांगणात गाणं कुठलंही असो, हे गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीत हमखास असतात. रॅप असलं की म्हणतात, "रॅप म्हणजे भांडणच, पण पोरं तालात भांडतात." गझल त्यांना आवडते, "फक्त गाणाऱ्याने आपल्याआधी रडू नये." लावणी लागली की मात्र नुसते ताठ बसतात.

शेवटचं गाणं सुरू झालं की ते उठून जातात. परवा भैरवीला उठले, तेव्हा मीही मागोमाग निघालो. रस्त्यावर ते अगदी सावकाश चालत होते.

"अहो, शेवट तरी ऐकायचा."

"तिथे बसलं की ती संपते. चालत राहिलं की नुसती लांब जाते."

मग मीही त्यांच्याइतकाच सावकाश चालू लागलो. कोपऱ्यापर्यंत सूर सोबत होते. टाळ्या आम्हाला ऐकूच आल्या नाहीत.