गावचं बेट

त्या आठवड्यात बातम्यांमध्ये एकच बेट होतं. एका मोठ्या देशाचं सरकार रोज सांगत होतं की ते बेट आमचंच आहे, आणि त्या बेटावरचे लोक रोज स्वतःचे पुढारी स्वतः निवडून, स्वतःचा कर स्वतःलाच भरून निवांत राहत होते. कडावच्या नाक्यावर चहा पिता पिता आमच्या सरपंचांनी हे सगळं पाहिलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, आपलं पन एक बेट हाय."

होतं खरं. गावाखालच्या नदीत, दोन धारांच्या मधोमध, चार-पाच गुंठ्यांचा गाळाचा उंचवटा. पावसाळ्यात बुडायचा, दिवाळीच्या सुमारास वर यायचा. पलीकडच्या वाडीतली एक बाई दरवर्षी तिथे वाल पेरायची. तिला दुसरी जमीन नव्हती. उन्हाळाभर घर चालायचं ते त्या वालावर. तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं, कारण तिथे विचारण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आता वाटलं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं पळसदरीला येऊन तंबूत झोपतात आणि त्याचे वर पैसे देतात, हे गावाने पाहिलं होतं. सरपंचांनी ग्रामसभेत तंबू, दिव्यांच्या माळा आणि बोट असं सगळं हवेत उभं केलं. एका सदस्याने विचारलं, "पुरावा काय?"

"माजी आई. लहानपनापासून ऐकतोय. बेट गावचं हाय, कुना एकाचं नाय."

भराभर हात वर झाले. एवढ्या उत्साहात नळपाणी योजनासुद्धा मंजूर झाली नव्हती.

शाळेतला मास्तर म्हणून फलकाचा मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'हे बेट ग्रामपंचायतीचे आहे.' सरपंचांनी त्यात 'अविभाज्य' घालायला लावलं. शब्द टीव्हीवरचा होता. असल्या समारंभांकडे मी लांबून हसत बघणारा माणूस. तरी प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी सगळ्यांच्या आधी मीच नदीवर हजर होतो. आपलं सरकार काहीतरी जिंकायला निघालंय, याची नशा वेगळीच असते. मग ते पाच गुंठे का असेनात.

झेंडावंदन उरकून मिरवणूक आली. पुढे बँजो, मागे टेंपो, टेंपोत फलक आणि फलकाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सरपंचांची आई, मुख्य साक्षीदार म्हणून. खुर्चीसकट तिला काठावर उतरवलं. बेटावर ती बाई वालात वाकली होती. बँजो थांबला तशी उभी राहिली.

"लगीन कुनाचं रं दादा?"

"लगीन नाय, ताबा," सरपंच म्हणाले. "ह्ये बेट पंचायतीचं हाय. चार दिवसांत शेंगा काडून घे."

"अजून दाना भरला नाय. मंग मी काय खाऊ, तुमचा बोर्ड?"

आमच्याच बाजूचे काही जण हसले. सरपंचांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट हातात घेतले आणि पाण्यात शिरले. मागोमाग दोन सदस्य फलक घेऊन. बँजोने चढा ठेका धरला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

धारेच्या मध्यावर सरपंच वळले. "आये, सांग सगळ्यांना. बेट कुनाचं?"

बँजो थांबला. म्हातारी खुर्चीत पुढे वाकली.

"बेट गावचं."

टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत ती थांबली.

"पन ह्यो काय बेट हाय? ह्यो त गाळ हाय. बेट कळकाचं. मारुतीच्या देवळामागं व्हतं. मांडव असो, तिरडी असो, कुनी बी जावं नि कळक तोडावा."

जन्मभर मी बांबूचंही बेट म्हणत आलो आणि समुद्रातलंही. फलक लिहिताना मात्र दुसरा अर्थ मला शिवला नाही. 'अविभाज्य' हा शब्द मी शब्दकोशात बघून घेतला होता.

"मंग त्ये बेट गेलं कुटं?" पाण्यातून सरपंच.

"तूच तोडलंस की रं. स्वागताच्या कमानीला जागा पायजे व्हती तुला."

आधी बँजोवाले हसले, मग सगळा काठ. ती बाई हसली नाही.

"आजी, मंग माजा वाल ऱ्हातो का?"

"ऱ्हायला काय झालं? पेर गं पोरी."

सरपंचांनी आईकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाला फार पर्याय नसतात. "पेर," ते म्हणाले.

"मंग त्यो बोर्ड पन द्या. डुकरं लई येतात. वाऱ्यानं पत्रा वाजला त पळतील."

सरपंचांचा चेहरा एकदम उजळला. "बोर्ड बेटावर लागनार म्हनलेलो. लागनार म्हंजे लागनार." दोन्ही सदस्यांनी तो वालाच्या कडेला ठोकला आणि बँजो पुन्हा सुरू झाला. मीही टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून दरवर्षी बेट बुडायच्या आधी ती बाई फलक उपटून घरी नेते आणि पेरणीला परत लावते. कुणी पाहुणा आला की सरपंच त्याला काठावर नेऊन दाखवतात. काठावरून फक्त फलकाची पाठ दिसते. डुकरं वाडीच्या अंगाने येतात, म्हणून अक्षरं तिने तिकडे केली आहेत.

"फरक पडला का?" यंदा मी तिला विचारलं.

"पडला ना," ती म्हणाली. "वाचतात नि मागं फिरतात."