तीन वाकली, चौथं उभं

भाऊजी,

तुमच्याबद्दल लोक खोटं बोलायला लागलेत, म्हणून लिहायला बसले. परवा भट्टीवर गेले होते. मुकादम कुणा पाहुण्यांना सांगत होता, "आमचे जुने भाऊ डोळ्यांनी अधू होते, पण नुसत्या वासावरून आगीची धग ओळखायचे." वासावरून! तुमच्या नाकासमोर दूध उतू जाऊन करपलं तरी तुम्ही पेपरात डोकं खुपसून बसलेले असायचात. माणूस गेला की त्याला देव करून टाकायची लोकांना भारी घाई. त्यात खऱ्या माणसाचा हकनाक बळी जातो. तुमच्या दोघी नातीही मला विचारत होत्या, "आजोबांनी नक्की काय केलं गं?" हे त्यांच्यासाठीच आहे. पण सांगते तुम्हाला, कारण तुमच्यासमोर मला थापा मारता येत नाहीत. तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही लिहिणार आहे, तेव्हा उगाच "माहीत आहे, पुढे बोला" करू नका.

आपली भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला लांबट खंदक, फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणारा. एकीकडे कच्च्या विटा रचत जायचं, दुसरीकडून भाजलेल्या काढत जायचं, आणि मध्ये आग पायापायाने पुढे सरकत राहायची. विटांच्या डोक्यावर राखेचा जाड थर, त्यात हातहातभर अंतरावर भोकं, भोकांवर लोखंडी झाकणं. झाकण उचलायचं, खाली वाकायचं, आगीचा रंग बघायचा (नारिंगी म्हणजे धग कमी, पिवळी म्हणजे पुरेशी) आणि कोळसा टाकायचा की थांबायचं ते ठरवायचं. ठरवणारे तुम्ही. पस्तीस वर्षं. डावा डोळा मिटून, उजवा भोकाला लावून. सगळे तुम्हाला 'एकडोळे' म्हणायचे आणि तुम्ही ते पदक मिरवल्यासारखं मिरवायचात.

सगळ्या विटा सारख्या भाजल्या जात नव्हत्याच कधी. मधल्या जास्त भाजून वितळायच्या, एकमेकींना चिकटून त्यांचे काळेनिळे गोळे व्हायचे. त्यांना आपण खंगर म्हणतो. भिंतीकडच्या, त्यातही तळातल्या, फिक्या राहायच्या, नखाने टवका निघायचा. "घरात पाचही मुलं शहाणी निघतात का?" असं तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. पण त्या वर्षी खंगर इतका निघायला लागला, की कुदळीने फोडून काढावा लागायचा. दादांचं हसणं बंद झालं.

दुपारी जेवताना रोज तेच.

"कोळसा भिकार आलाय," तुम्ही म्हणायचात.

"कोळसा तोच आहे."

"मग माती बदलली."

"माती आपल्या आज्याच्या वेळची आहे, ती तुझ्यासाठी कशाला बदलेल?"

"मग काय मी बदललो?"

दादांनी पेला उचलला. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आगीवर बसायला बाहेरून माणूस बघतोय मी."

तुमचा घास हातातच राहिला. भट्टी दोघांची होती, पण आग तुमची होती. आग काढून घेतली तर तुमच्याकडे काय उरणार होतं? वाटणीचा कागद. त्याच्याकडे बघत कोण बसतं?

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. भट्टीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मोजमाप चुकायला लागलं, तर ज्याने मोजतो तेही तपासायचं असतं, एवढं मी पहिल्या वर्षाच्या पोरींच्या डोक्यात दरवर्षी भरत होते. भट्टीवर मोजायचं साधन एकच, तुमचा उजवा डोळा. सगळ्यांनी कोळसा तपासला, माती तपासली, धुराड्यात माणूस उतरवला. तो डोळा तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण तोच तर सगळ्यांना तपासत होता.

रविवारी दुपारी तुमच्या जादा लाकडी चपला पायांत अडकवून मी भट्टीच्या माथ्यावर, राखेच्या थरावर आले. नाहीतर पाय भाजतात.

"काय दिसतंय?"

"नारिंगी. अजून दोन फावडी खाईल."

"आता उजवा मिटा. डाव्याने बघा."

"डाव्याला आगीतलं काय कळतं, वहिनी?"

"त्याला परीक्षेला नाही बसवत. बघा म्हणते ना."

तुम्ही बघितलंत. मग उजव्याने. मग परत डाव्याने. हातातलं झाकण निसटून खणकन पडलं.

"पिवळी आहे," तुम्ही म्हणालात. "केव्हाची पिवळी होऊन बसलीये."

आणि तिथेच, त्या तापलेल्या राखेवर, मटकन खाली बसलात. "उठा, भाजेल," मी ओरडले. उठायला तुम्हाला जरा वेळच लागला. नंतर दोन दिवस तुम्ही उभ्याने जेवत होतात. त्याचं कारण जाऊबाईंना मी कधी सांगितलं नाही. तेवढी एकच गोष्ट मी पोटात ठेवली.

"दादाला सांगू नका," तुम्ही खाली उतरताना म्हणालात.

"सांगणार," मी म्हणाले, आणि संध्याकाळी सांगितलंही. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. माझं बरोबरच होतं, आजही तसंच वाटतं. फक्त एक दिवस थांबले असते, तर तुम्हीच सांगितलं असतंत. घाई हा माझा जुना रोग.

मोतीबिंदू निघाला. आगीत बघून बघून पिकलेला. डोळ्यावर काळोखी आली म्हणून आग कमी वाटायची. कमी वाटली की तुम्ही कोळसा टाकायचात, आणि विटा वितळायच्या. दोष ना कोळशाचा, ना मातीचा. डॉक्टरांनी डोळा साफ केला, घरी पट्टी निघाली, आणि तुम्ही खोलीभर बघून म्हणालात, "ही भिंत पांढरी आहे? मी दोन वर्षं तिला रंग द्या म्हणून भांडतोय."

आम्हाला वाटलं, सुटलो. पण महिनाभराने भट्टीवर गेलात आणि तोंड कसनुसं करून परत आलात.

"उजव्याला सगळीच आग पांढरी दिसते. डाव्याला पिवळी. वहिनी, दोघांत खरं कोण बोलतं?"

"दोघंही नाही," मी म्हणाले. "आज हा बदलला, उद्या तो बदलेल. डोळा नकोच आता."

त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी तुमचा हात तोडायला सांगितला. पण दादांचा माणूस ठरत आलेला. त्यांनी सरळ सांगितलं, "तुझी तयारी झाली, की तीन फेऱ्या देतो. आग खंदकाला तीन वेळा पुरी फिरेपर्यंत. तेवढ्यात जमलं नाही, तर तू खाली बसायचं." तुमच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

मातीची बोटं आपण माझ्या प्रयोगशाळेत केली. आपलीच माती, आणि तिच्यात कुटलेली काच, प्रत्येक बोटात कमी-जास्त. काच जास्त असेल ते बोट लवकर मऊ पडतं, कमी असेल ते उशिरा. चार बोटं ओळीने मातीच्या गोळ्यात रोवली की झाला पंजा. तो विटांच्या मध्ये ठेवून द्यायचा. किती काच घालायची ते जमेपर्यंत आपण दोन महिने काच कुटत होतो आणि भांडत होतो. शेवटी जमलं: पहिली तीन बोटं वाकली आणि चौथं उभं राहिलं, तर वीट बरोबर भाजली. चौथंही लोळलं, तर खंगर. चारही उभी, तर कच्ची. "घरासारखंच आहे," तुम्ही म्हणालात. "सगळेच वाकले तर घर राहत नाही, आणि कुणीच वाकलं नाही तरी राहत नाही." भट्टीवरच्या बायका मला विचारायच्या, "काय वहिनी, आज भट्टीचा हात बघितला का? लग्न कधी म्हणते?"

मग तुम्ही एका वेळी बारा पंजे ठेवलेत, मध्ये, वर, खाली, भिंतींना लागून. विटा निघाल्यावर ते बाराही आपण अंगणात मांडले. मधले सगळे आडवे. तळाच्या भिंतीकडचे चारही बोटं ताठ, पहारेकऱ्यासारखे.

"तिथली जमीन ओली आहे," तुम्ही म्हणालात. वीस वर्षं हेच म्हणत होतात.

"मग वरच्या थरात, भिंतीलगतचा हा का उभा? वर कुठली ओल?"

तुम्ही तो पंजा हातात घेतलात. त्या दिवशी बहुधा तुम्हाला पहिल्यांदा कळलं, की झाकणातून बघताना तुम्ही पस्तीस वर्षं फक्त मधली आग बघितलीत. भिंतीकडची आग कुठल्याच डोळ्याला दिसत नव्हती, चांगल्या डोळ्यालाही नाही.

कॉलेजच्या बोळाची गोष्ट मात्र तुमची. ती मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली, तुमचं नाव न घेता, याची आता लाज वाटते. पुढच्या पंजांसाठी काच कुटायला आला होतात. रंगकामासाठी वर्गांतली बाकं बाहेर काढून बोळात लावलेली, एक डाव्या भिंतीला, पुढचं उजव्या, पुन्हा डाव्या. तास सुटला. एरवी मधून सरळ धावणारी पोरं आता साप चालल्यासारखी निघाली, या भिंतीला खांदा घासत, मग त्या भिंतीला. तुम्ही खलबत्ता हातात घेऊन दारात उभे. बोळ रिकामा झाला तरी उभे.

"काय झालं?"

"बघितलंत? एकही भिंत सुटली नाही," तुम्ही म्हणालात. "आग पण आळशीच असते हो. मधली वाट मोकळी ठेवली, तर भिंतीकडे कशाला जाईल?"

धुराडं ओढतं, म्हणून आग सरळ पळते. विटांचे गठ्ठे बाकांसारखे आडवे रचायचे, एकाची वाट डावीकडून, पुढच्याची उजवीकडून. म्हणजे आगीला दोन्ही भिंतींना हात लावूनच पुढे जावं लागेल. असं रचणारे जगात आधी कुणी असतीलही, शोधत बसायला तुम्हाला वेळ नव्हता. तीन फेऱ्या होत्या.

पहिली फसली. वाटा फार अरुंद ठेवल्यात. आग गुदमरली, धूर भोकांतून उलटा आला, अर्ध्याहून जास्त विटा कच्च्या. दादा म्हणाले, "बोळातनं शहाणपण आणलंस, आता बोळातच विकून ये." दुसरीत वाटा रुंद केल्यात तर एक आख्खा गठ्ठा कलंडला आणि वाट बंद झाली. पण कलंडण्याआधीच्या भागात भिंतीकडचा पंजा दोन बोटं वाकलेला निघाला. तो तुम्ही मला दाखवलात, दादांना नाही. तिसऱ्या फेरीला तुम्ही गठ्ठ्यांची पायथ्याची रचना स्वतःच्या हाताने केलीत, गुडघे सोलून घेतलेत, आणि आग पेटल्यावर एकदाही भोकाला डोळा लावला नाहीत. झाकण उचलायचं, आधीच्या पंजांवरून ठरवलेल्या वेळी ठरलेलं फावडं टाकायचं, झाकण बंद. मी पाळत ठेवून होते.

विटा निघाल्या तेव्हा सकाळ होती. तुम्ही सरळ धुराड्याकडच्या कोपऱ्यात, तळाला गेलात, जिथे जन्मात कधी लाल वीट निघाली नव्हती. पंजा उचललात. तीन वाकली, चौथं उभं. मधला बघितला. तीन वाकली, चौथं उभं. दोन विटा एकमेकींवर वाजवल्यात, भांड्यासारख्या खणखणल्या.  पंजा खिशात घातलात. तो अजून गरम होता आणि तुम्ही त्यावर हात दाबून उभे राहिलात.

दादा आले. विटा बघत बघत खंदकभर चालले. परत येऊन म्हणाले, "जिंकलास. बाहेरचा माणूस नको."

"आता आणा की," तुम्ही म्हणालात. "आता कुणीही चालेल."

तेव्हा मला ते हुशारीचं बोलणं वाटलं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. अहो, शास्त्राचा अर्थच तो, की कुणीही करावं आणि तेच यावं! घरी आल्यावर चहा गाळताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही आपली जागा राखायला निघाला होतात, आणि ती जागाच राहणार नाही अशी भट्टी करून ठेवलीत. ते तुम्हाला कॉलेजच्या दारात, खलबत्ता धरून उभे होतात, तेव्हाच कळलं असणार. तरी केलंत.

माणूस आला. तोच हा वासाच्या गोष्टी सांगणारा. त्याला सगळं तुम्हीच शिकवलंत, काहीही हातचं न राखता. तुमची खुर्ची बाभळीखाली आली. झाकणांचा आवाज आला की तुमचा डावा डोळा अजूनही आपोआप मिटायचा.

त्याच दिवसांत तुम्ही कागदात गुंडाळलेली एक वीट घेऊन माझ्याकडे आलात. त्या कोपऱ्यातली, तिसऱ्या फेरीची.

"वहिनी, बोटं सांगतात भाजली. पण सोसते किती? तुमच्या कॉलेजात दाबायचं यंत्र आहे ना? फुटेपर्यंत दाबा आणि मला आकडा सांगा."

"सोमवारी," मी म्हणाले.

सोमवारी गेलेही. यंत्रावरच्या माणसाने हात पुढे केला, "द्या मॅडम, दोन मिनिटांत भुगा करतो." मी म्हणाले, नंतर येते. तुम्हाला सांगितलं, यंत्र बिघडलंय. जन्मभर दुसऱ्यांना 'मोजा, मोजा' म्हणणारी मी! तुम्ही दर भेटीत विचारायचात, "आकडा?" मी म्हणायचे, "बिघडलंय." एकदा तुम्ही मोजलंत, "चार वर्षं बिघडलंय?" आणि चहाच्या कपात बघत गालातल्या गालात हसलात. त्यानंतरही विचारायचं सोडलं नाहीत. शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही तुमचा पहिला प्रश्न तोच होता, आणि माझं उत्तरही तेच.

वीट माझ्या टेबलावर आहे, कागदासकट. यंत्र चांगलं चालू आहे असं ऐकते.