उरलेल्या गोळ्या

तपासायला आलेल्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले की आमच्या लॅबमधलं यंत्र वाजतं. त्या सकाळी ते वाजलं आणि मी बाटलीवरचं नाव वाचलं... सुमनमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. आदल्या दिवशी थंडी वाजून ताप भरला म्हणून तिला आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं होतं. लघवीचा संसर्ग रक्तात उतरला होता. तिला जाऊन आता दीड महिना झाला, तरी ते यंत्र वाजलं की मी दचकते.

मावशी फुलंब्रीची, लग्न होऊन शहरात, छावणी भागात आली. एका खासगी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबली आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गल्लीची सिस्टर झाली. कुणाच्या औषधातल्या गोळ्या उरल्या की त्या मावशीच्या बिस्किटाच्या डब्यात आणून टाकायच्या, असा गल्लीचा रिवाजच पडला होता. पट्टीवर ती पेनानं लिहून ठेवायची, खोकला, लघवी, फोड. कुणी कण्हत आलं की कात्रीनं दोन गोळ्या कापून हातावर ठेवायची. "लई झाल्या दोन. बरं वाटलं की बंद कर." फुकट, आणि वर चहा पाजून. इतकी मायाळू बाई मी पाहिली नाही, आणि इतकी हट्टीही.

एकदा मी म्हणाले, "मावशी, अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात." ती हसली. "तू बाटल्या बघती, म्या माणसं बघती. आजवर माझ्या गोळीनं कोन मेलं का?" मी गप्प बसले. परीक्षेच्या दिवसांत मलाही तिनंच दोन गोळ्यांवर उभं केलं होतं, कोणत्या तोंडानं भांडणार? त्या गप्प बसण्याचा मला आज स्वतःचाच संताप येतो.

जंतू पसरलेल्या बशीवर आम्ही नेहमीच्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. दुसऱ्या दिवशी मावशीची बशी उजेडात धरली. एकाही चकतीभोवती गोल नव्हता. जंतू थेट चकत्यांच्या कडांना भिडले होते. मी बशी फिरवून फिरवून पाहिली...

डॉक्टरांनी अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं औषध सुरू केलं, पण तोवर किडन्या बसल्या होत्या. मी तिच्या खाटेजवळ गेले.

"काय आलं गं माझ्या बाटलीत?"

"औषध सापडलंय, मावशी."

"कोन्तं?"

मला नाव सांगता येईना. ती नर्स होती, समजायचं ते समजली. मग म्हणाली, "तेवढा डबा फेकून दे बाई."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. ते जंतू त्या डब्यामुळंच आले, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तशा बशा आता माझ्या टेबलावर वरचेवर येतात, वेगवेगळ्या नावांच्या.

मावशीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी डबा हॉस्पिटलच्या जाळायच्या कचऱ्यात टाकून आले. परवा मावशीचं घर झाडत होते, तर समोरची बाई आली. "ताई, पोरगी तापलीया. दोनच गोळ्या द्या की." मी म्हटलं, चला, मी डॉक्टरकडं घेऊन जाते. "व्हय, व्हय," म्हणत ती निघाली आणि पलीकडच्या दारात शिरली. बाहेर आली तेव्हा मूठ मिटलेली होती. मी धावत जाऊन तिला अडवलं.

"काळजी नका करू, ताई," ती म्हणाली. "यांच्याकडं उरल्या व्हत्या. सिस्टरच्याच हातच्या हायत."