पायलटचा लोडर तापतो

वखारीत त्याला सगळे पायलट म्हणत. नाव चेष्टेतच पडलं होतं. भुसा उचलणाऱ्या त्याच्या छोट्या लोडरमध्ये शिरायचं तर समोरून, बकेटवर चढून, आधी डोकं मग अंग असं आत घुसावं लागे. एक पाय कामातून गेलेला माणूस कुबडी आत टाकून दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढून सीटवर बसला, की खरंच विमान घेऊन निघाल्यासारखा दिसे. सुरुवातीला त्याला या नावाचा राग यायचा. मग एक दिवस बायकोच भाजी निवडता निवडता म्हणाली, "पायलटसाहेब, विमान उतरवा, ताट वाढलंय," आणि त्याला हसू फुटलं. तेव्हापासून नाव अंगाला चिकटलं.

पाय गेला तो याच वखारीत. ओंडक्यांचा ट्रक रिकामा करताना साखळी सुटली आणि एक ओंडका कडेनं अंगावर आला. जीव वाचला ही देवाची कृपा, असं बायको म्हणायची, आणि तो त्यावर कधी वाद घालायचा नाही. पण उजवा पाय गुडघ्याखाली निर्जीव झाला तो झालाच. मालकानं त्याला कामावरून काढलं नाही ही मालकाची माणुसकी. नेमका त्याच सुमारास तो जुना लोडर वखारीत आला, ते मात्र वरच्याचंच देणं होतं, यात बायकोला शंका नव्हती. कारण त्या लोडरला पायाचं कामच नव्हतं. पुढे जाणं, मागे येणं, जागच्या जागी गिरकी घेणं, बकेट उचलणं आणि उलटी करणं, सगळं दोन हातांतल्या दोन दांड्यांवर. त्या पत्र्याच्या डब्यात बसला की तो धडधाकट असे. खाली उतरला की कुबडी, आणि लोकांच्या नजरा.

काम सांगायला सोपं होतं. करवतींच्या खाली दिवसभर भुसा पडतो आणि सालींचा ढीग होतो. तो ओढून बाहेर टाकला नाही तर करवती बंद पडतात. करवतींवरचं छप्पर इतकं बुटकं, की मोठं यंत्र आत जातच नाही. म्हणून हा लोडर, आणि म्हणून पायलट.

तो लोडरला जीव लावायचा. दिवस संपला की इतर गाड्या जशाच्या तशा उभ्या राहात. पायलटचा लोडर मात्र रोज न्हायचा. मागचं झाकण उघडून तो वरून हवेचा पाईप मारी, मग पाण्याची धार सोडी, मग फडक्यानं पुसून घेई. सासू बाळंतिणीला घालणार नाही अशी आंघोळ पायलट लोडरला घालतो, असं वखारीतली माणसं म्हणत. त्याला ते ऐकायला आवडे.

आणि तोच लोडर तापायला लागला.

आधी तापमानाचा काटा जरा वर सरकायचा आणि थांबायचा. मग लाल पट्टीला टेकू लागला. मग एका दुपारी आतून धोक्याची पिपाणी वाजायला लागली, मागून वाफेचा लोट निघाला आणि इंजिन आपणहून बंद पडलं. करवतींखाली भुसा साचत गेला, करवती थांबल्या, आणि सगळी वखार हातावर हात ठेवून पायलटकडे बघत बसली.

मेस्त्री म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात पायलट त्याला अरेतुरे करायचा, वखारीत मान देऊन मेस्त्री म्हणायचा. त्यानं आपल्या परीनं काही बाकी ठेवलं नाही. रेडिएटरमधलं जुनं पाणी काढून नवं कूलंट भरलं, पंख्याचा पट्टा ताणून बसवला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, पाण्याचा पंप उघडून पाहिला. प्रत्येक वेळी तो हात पुसत म्हणायचा, "झालं भाऊजी, आता बर्फ." आणि दोन खेपा झाल्या की काटा पुन्हा लाल.

मालकाचा धीर सुटला. त्यानं नव्या लोडरचं बोलणं करून टाकलं. जुना बघायला एक गिऱ्हाईक यायचं होतं. यंत्र चालू स्थितीत असेल तरच घेईन, असा त्याचा निरोप होता. जुना गेला की त्याच पैशांत भर घालून नवा येणार. नव्याची बकेट पायांनी चालते, दोन पायांखाली दोन पेडल. हे मालकानं मुद्दाम सांगितलं नाही. पायलटनं मेस्त्रीच्या फोनवर त्या लोडरचं चित्र पाहिलं आणि फोन परत दिला. मग मालकाला भेटून त्यानं विचारलं, माझं काय. मालक म्हणाला, "तुझं बघू काहीतरी." हे शब्द ऐकलेला माणूस पुढचं विचारत नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. दिव्यापुढे हात जोडून ती नेहमीपेक्षा बराच वेळ बसली. उठून एवढंच म्हणाली, की नीट चालला तर मालक कशाला विकेल, तो काही वेडा नाही. पायलटलाही ते पटलं. सगळी आशा त्या एकाच वाक्यावर टांगलेली होती.

लोडर नीट चालतो हे मालकाला दिसावं, म्हणून गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी सकाळी त्यानं एक जालीम उपाय केला. केबिनमध्ये थंडीसाठी हीटर होता. तो पूर्ण सोडला तर इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये खेचली जाते, हे त्याला ठाऊक होतं. बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता आणि हा माणूस काचा बंद, हीटर सुरू करून भुसा ओढत होता. घाम डोळ्यांत उतरत होता, दांड्या हातातून निसटत होत्या. काटा लाल पट्टीच्या खाली केसभर थांबला होता, आणि पायलट रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होता. देवा, अजून एक खेप. देवा, आणखी एक. त्यानं आयुष्यात कधी एवढी प्रार्थना केली नव्हती.

बायको डबा घेऊन आली तेव्हा तो केबिनमध्ये मान टाकून बसलेला दिसला. चेहरा भट्टीतून काढल्यासारखा. तिनं डबा खाली ठेवला आणि बकेटवर चढून त्याला हाताला धरून खाली घेतलं. डोक्यावर पाणी ओतलं, पंच्यानं तोंड पुसलं. "लोडर थंड ठेवता ठेवता स्वतः उकडून निघालात," ती म्हणाली. आवाज चेष्टेचा होता, पण पंचा तिनं पुन्हा भिजवून त्याच्या मानेवर दाबून धरला.

ओला पंचा तिनं वाळायला लोडरच्या मागच्या जाळीवर टाकला. इंजिन अजून चालूच होतं. पायलट ओंडक्याला टेकून पाणी पीत होता आणि पंच्याकडे बघत होता. बघता बघता त्याचा पेला तोंडापाशीच थांबला. त्या जाळीतून पंख्याचा वारा असा सुटायचा की एकदा त्याची टोपी उडून भुशात पडली होती. आणि आज पंचा नुसता लोंबत होता. टोकसुद्धा हलत नव्हतं.

त्यानं मेस्त्रीला हाक मारली. इंजिन बंद करून झाकण उघडलं. वरून सगळं लख्ख होतं, रोज न्हाणाऱ्या यंत्रासारखं. पायलट म्हणाला, खालून बॅटरी धर. मेस्त्रीनं रेडिएटरच्या खालून बॅटरीचा झोत टाकला. एवढ्या पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा वर यायला हव्या होत्या. एक ठिपका आला नाही.

मग कळलं की वर दिसतो तो रेडिएटर नव्हेच. तो तेल थंड करणारा कूलर, आणि रेडिएटर त्याच्या खाली. दोन बोल्ट रंगाखाली आणि मळाखाली दडलेले होते. ते खरवडून काढले, तसा कूलर झाकणासारखा उचलला गेला. मधल्या फटीत भुसा होता. सुटा नव्हे. वर्षानुवर्षं हवेनं आत दडपलेला, पाण्यानं भिजलेला, इंजिनच्या धगीनं भाजून निघालेला, असा जाड थर. मेस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर खुपसून तो सोलला तर गोधडीसारखा अखंड निघाला.

पायलट त्याच्याकडे बघत राहिला. हा थर त्यानंच घातला होता, रोज, मायेनं, वरून पाईप मारून. मळकट गाड्यांना हा रोग झाला नव्हता.

मेस्त्री म्हणाला, "भाऊजी, हसावं की रडावं?" पायलट हसत होता. खालून वर हवा मारून त्यांनी रेडिएटर आणि कूलर दोन्ही साफ केले, कूलर बसवला, इंजिन चालू केलं. पुन्हा जाळीवर टाकलेला पंचा उडून मेस्त्रीच्या तोंडावर बसला. पायलटनं करवतींखाली जाऊन भरभरून खेपा मारल्या, हीटर बंद, काचा उघड्या. काटा मध्यावर गेला आणि तिथंच बसला.

तो भुशाचा तुकडा हातात घेऊन कुबडी टाकत तो मालकाच्या खोलीत गेला. आजार काय होता, तो कसा गेला, सगळं एका दमात सांगितलं. मालकानं मनापासून ऐकलं. बाहेर येऊन काटा पाहिला, पायलटची पाठ थोपटली. म्हणाला, "शाबास. मला धाकधूक होती, गिऱ्हाईक परत जातंय की काय. आता लोडर निवांत खपेल."

तुकडा पायलटच्या हातातच राहिला.

करवतींच्या मागे, सालींच्या ढिगाआड तिघं उभी राहिली. मेस्त्री आधी बोलला, तेही जमिनीकडे बघत. कूलरखाली एक गोणपाट सरकवलं की झालं. गिऱ्हाइकासमोर वाफ निघेल, ते हात हलवत परत जाईल. पैसे नाहीत तर नवा लोडर नाही. गोणपाट आपण उद्या काढू. मालकाला म्हणू, बिघाड पुन्हा शोधला, पुन्हा सापडला.

पायलटनं बायकोकडे पाहिलं. ही बाई दूधवाल्यानं चुकून जास्त दूध घातलं तरी परत हाक मारणारी. तिनं आयुष्यात जाणूनबुजून खोटं केलेलं त्याला आठवत नव्हतं. ती बराच वेळ बोटाला पदर गुंडाळत राहिली.

"घाला गोणपाट," ती म्हणाली. "देवाशी माझं मी बोलून घेईन."

मेस्त्रीनं गोणपाट आणून दिलं. पायलट एकटाच लोडरपाशी गेला. झाकण उघडलं, बोल्ट सैल केले, कूलर उचलून धरला. खाली रेडिएटर स्वच्छ होता, पट्टीनं पट्टी मोकळी. गोणपाट आत सरकवायला किती वेळ लागतो? पण त्याला आतला आवाज ठाऊक होता. पाणी उकळायला लागलं की इंजिन आधी कण्हतं, मग ठोके घालतं. इतके दिवस ते त्यानं सीटवर बसून पाठीच्या कण्यानं ऐकलं होतं. आणखी एकदा उकळलं तर इंजिनचं वरचं हेड तडकेल, मग या लोडरचं भंगार होईल. ना गिऱ्हाइकाचा, ना त्याचा. त्याला पाप-पुण्य सुचलं नाही. त्याला नुसतं ते कण्हणं पुन्हा ऐकवेना.

त्यानं बोल्ट आवळले. गोणपाट घडी करून मेस्त्रीच्या हातात दिलं. बायकोनं ते पाहिलं. तिचे डोळे भरले. आनंदानं की कशानं, ते तिचं तिलाच उमगलं नसावं.

गिऱ्हाईक ट्रक घेऊनच आलं. यंत्र चालवून दाखवा म्हणालं. पायलटनं चालवून दाखवलं, आणि असं दाखवलं की करवतीवरची माणसं काम टाकून बघायला आली. बुटक्या छपराखाली गिरकी घेतली, कोपऱ्यातला भुसा खरवडून उचलला, एक साल खाली सांडू दिली नाही. काटा हलला नाही. मालक आणि गिऱ्हाईक बाजूला जाऊन बोलले आणि त्यांचं जमलं.

मग फळ्या लावून लोडर ट्रकवर चढवायचा होता. गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर सीटवर बसला, दोन दांड्यांकडे बघून उतरला. हे आपल्याला झेपायचं नाही, आम्ही पायांनी चालवणारे, म्हणाला. सगळ्यांनी पायलटकडे पाहिलं.

तो चढला. चाकांना जेमतेम पुरतील एवढ्या रुंद फळ्या, पण त्यानं एका दमात लोडर वर नेला, ट्रकच्या मधोमध आणला आणि बकेट अलगद खाली टेकवली. ड्रायव्हरला वरूनच सांगितलं, की हवा खालून मारायची, वरून नाही, कूलर उचलायचा, दोन बोल्ट आहेत. ड्रायव्हरनं मान डोलावली. त्याला ऐकू आलं असेल असं वाटलं नाही, म्हणून पायलटनं पुन्हा सांगितलं.

त्यानंतर काही झालं नाही. इंजिन चालू होतं आणि पायलट दांड्यांवर हात ठेवून बसून होता. गिऱ्हाइकानं साखळ्या हातात घेतल्या होत्या. मालक खाली उभा होता. बायको ट्रकच्या कडेला येऊन म्हणाली, "अहो, उतरा आता. धरते मी."

पायलट तिच्याकडे न बघता म्हणाला, "गरम इंजिन लगेच बंद करत नाहीत. जरा गार होऊ दे."

काटा मध्यावरच होता. मेस्त्री चाकावर पाय देऊन वर चढला होता, त्याला तो स्वच्छ दिसत होता. त्यानं काट्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि खाली वळून मालकाला म्हणाला, "हो मालक. थोडा वेळ चालू ठेवावं लागतं."