भाला सोडायचा, दोरी न्हाई

रात्रभर सरोवर हंबरत होतं. थंडी फार पडली की बर्फ फुगतं, फुगायला जागा नसली की तडकतं, आणि मग या काठापासून त्या काठापर्यंत असा आवाज जातो, जणू पाण्याखालून कुणी लाकडाची रिकामी गाडी हाकतंय. आर्डेल डेनोमीनं सकाळी दार उघडलं, तेव्हा नाकातले केस ताठ झाले. वारा पडला होता. वस्तीतल्या घरांचे धूर सरळ वर चढत होते. अमेरिकेच्या उत्तर विस्कॉन्सिनातल्या त्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत अशा हवेला चांगली हवा म्हणतात. बर्फ घट्ट असतं, पाणी नितळ असतं.

तिनं चुलीतली राख काढून पायरीवर पसरली, म्हणजे कुणी घसरायला नको. दोन खेपा लाकडं आत आणली. नवऱ्याचा गुडघा उशीवर नीट ठेवला, सासूला चहा दिला. शनिवार होता, शाळेचं स्वयंपाकघर बंद. इतर शनिवारी ती कपडे धुवायला काढायची. आज तिनं बटाटे सोलून पातळ चकत्या केल्या आणि डब्यात भरल्या.

"माशांना जेवायला बोलावलंयस का?" खाटेवरून लेलंड म्हणाला.

"तुझ्यासारखा खाटेवर पडून जेवणारा मासा कुठं मिळतोय का, बघते."

लेलंड हसला, पण गुडघ्यात कळ आली तसा त्यानं गुडघा धरला. दर हिवाळ्यात भाला घेऊन बर्फावर तोच जायचा. पानगळीत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि या वर्षी बर्फ त्याच्यासाठी खिडकीतूनच बघायची वस्तू झाली.

खरी अडचण होती सासूची, जोझेटची. म्हातारीचं जेवणच सुटलं होतं. लापशी दोन घास, पाव अर्धा. दुकानातला मासा करून दिला तर म्हणाली, "हा पुठ्ठा कुणी भिजवला?" तिला पाहिजे होतं पाइक माशाच्या डोक्याचं कालवण, तेही भाल्यानं मारलेल्या माशाचं. गळाला लागलेला मासा तडफडून तडफडून आंबतो, असं तिचं म्हणणं. धाकटा दीर विल्फ रस्त्यावरचं बर्फ सारायची गाडी चालवायचा, आणि या वर्षी आभाळानं त्याला उसंतच दिली नव्हती.

"वैनी, बर्फावरची खोपी माझी घे," तो म्हणाला होता. "भोक पाडून देतो, शेगडी पेटवून देतो. हात तेवढे तुझे घाल."

"आणि शिकवणार कोण? तुझी गाडी?"

"मीच की. शाळेतल्या सगळ्या पोरांना तू वाढतेस. एका माशाला वाढायला कसलं आलंय शिकायचं?"

शिकवलं मात्र त्यानं मन लावून. अंगणातल्या बर्फावर बटाटा ठेवला आणि तिच्या हातात भाला दिला. सात दातांचा, दाताला आकडे असलेला, उचलला तर खांदा खाली ओढणारा. पहिल्याच वेळी आर्डेलनं तो असा फेकला की बटाटा राहिला बाजूला, आणि विल्फ उडी मारून मागं सरला.

"अगं बये! मी मासा न्हाई, दीर हाय!"

"फरक दिसंना मला."

"फेकायचा न्हाई गं. सोडायचा. दात आधी पाण्यात हळूच बुडवून ठेवायचे, आवाज न करता. मासा बरोबर खाली आला, की डोक्यामागं नेम धरायचा आणि हात नुसता मोकळा करायचा. जड हाय तो, त्याचा तो जातो."

भाला सासऱ्याचा, अँब्रोजचा. लाकूडतोड्यांच्या तळावरच्या भट्टीत त्यानं तो स्वतः ठोकून केलेला. तो जाऊन किती हिवाळे झाले. भाला मात्र जोझेटच्या खाटेसमोरच्या भिंतीवर टांगलेला. रात्री दिवा मालवण्याआधी म्हातारी त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटायची. कधी लाडानं, कधी भांडल्यासारखं. सुनेला तो भिंतीवरून काढू दिला, तेव्हा तिनं सुनेचं मनगट धरून ठेवलं होतं.

"दोरी मनगटाला. कळलं? भाला सोडायचा, दोरी न्हाई."

"व्हय, आत्याबाई."

"भिंत रिकामी ठेवून मला झोप येत न्हाई. संध्याकाळी परत पायजे."

विल्फची खोपी म्हणजे काळ्या रंगाच्या फळ्यांचा एक खोका, आत माणूसभर जागा. त्याला खिडकी नव्हती. दार लावलं की काळोख, आणि पायाशी बर्फात चौकोनी भोक. त्या भोकातून मात्र उजेड येतो. सरोवरावर पडलेलं ऊन बर्फातून झिरपून पाण्यात उतरतं आणि अंधारात बसलेल्या माणसाला सगळा तळ दिसतो, हिरवा, शांत, दिवा लावलेल्या खोलीसारखा. आर्डेलनं बटाट्याच्या चकत्या सोडल्या. त्या डुलत डुलत खाली गेल्या आणि काळ्या गाळावर पांढऱ्या पसरल्या. आता वरून मासा गेला तर पांढऱ्यावर काळा दिसणार.

मग तिनं लाकडी मासा काढला. खऱ्या माशाला भुलवायला पाण्यात फिरवायचा तो. हा लेलंडनं खाटेवर पडून कोरलेला, त्याच्या आयुष्यातला पहिलाच. लेलंड ट्रक चालवणारा माणूस, कोरीव काम त्याच्या बापजन्मात त्यानं केलं नव्हतं. पोटात ओतलेलं शिसं एका बाजूला सरकलेलं. पत्र्याचे पर कात्रीनं कापले ते कापले. कानस मारायचा कंटाळा केलेला, कडा करवतीसारख्या. चांगला लाकडी मासा दोरा हलवला की ऐसपैस गोल फिरतो. हा जागच्या जागीच गरगरायचा.

विल्फ बघून म्हणाला होता, "हा मासा न्हाई दादा. हे शेपटी धरायला निघालेलं कुत्रं हाय. आणि हे पर! वैनीची बोटं कापायचा इरादा हाय का तुझा?"

लेलंड रुसून भिंतीकडं तोंड करून पडला होता. म्हणून तर आर्डेलनं विल्फचा चांगला मासा घरी ठेवला आणि हाच आणला.

भाल्याची दोरी घराच्या उंचीइतकी. तिच्या टोकाचा फास तिनं डाव्या मनगटात, लोकरी हातमोज्यावरून घातला आणि आवळला. हातमोजा लाल, जोझेटनं विणलेला. सगळं जागच्या जागी होतं. आणि मग तिला आठवलं की तंबाखू राहिली.

पाण्याकडून काही घ्यायचं तर आधी चिमूटभर तंबाखू द्यायची, डाव्या हातानं, उघड्या हातानं. हातमोजा घालून कुणी देतं का? ते म्हणजे पाहुण्यापुढं पायानं ताट सरकवण्यासारखं. आर्डेलनं डावा हातमोजा ओढून काढला, फासासकट. शेगडीजवळच्या खिळ्यावर अडकवला. चिमूट पाण्यावर सोडली, पुटपुटली, म्हातारीसाठी मागितलं. तपकिरी कण पाण्यावर पसरले, गोल फिरले. तिला इतकं बरं वाटलं, की ती तशीच बसून राहिली, एका हातात पाण्यात सोडलेल्या लाकडी माशाचा दोरा, दुसऱ्यात भाला.

लाकडी मासा गरगरत होता. शेगडीत लाकूड फुटलं. आर्डेल शाळेतल्या सोमवारच्या जेवणाचा विचार करू लागली.

पाइक येताना दिसला नाही. तो कधीच येताना दिसत नाही. आधी चकत्या दिसत होत्या, मग काही दिसेनाशा झाल्या. तिथं एक लांबलचक हिरवी सावली होती, बदकाच्या चोचीसारखं थोबाड, आणि तो लेलंडच्या त्या येड्या माशाकडं टक लावून बघत होता. दात पाण्यात होतेच. नेम डोक्यामागं. हात मोकळा केला.

भाला गेला. अगदी विल्फनं सांगितलं तसा, त्याचा तो. गाळ उसळला. आणि त्याच क्षणी तिच्या कानाजवळून काहीतरी सर्रकन गेलं. खिळ्यावरचा लाल हातमोजा उडाला, भोकाच्या काठावर आपटला आणि दोरीमागून पाण्यात उतरला.

आर्डेलनं आपल्या डाव्या मनगटाकडं पाहिलं. उघडं.

"आई गं," ती म्हणाली.

गाळ बसला तेव्हा खाली सगळं दिसलं, आणि दिसत होतं हेच वाईट. भाला तळाशी उभा रुतलेला. दातांखाली पाइक, शेपूट मारणारा. भाल्याच्या टोकापासून दोरी वर आलेली, आणि दोरीच्या टोकाला पाण्याच्या मधोमध लाल हातमोजा, लोकरीत हवा भरून फुगलेला, कुणी बुडणारं हात वर करून बोलावतंय तसा. त्यातून बुडबुडे निघत होते.

ती आडवी पडली, खांद्यापर्यंत हात घातला. पाणी चावलं. पोचला नाही. भोकातले बर्फाचे तुकडे काढायचा लांब दांड्याचा झारा घेतला, तोही हातभर कमी. हातमोजा हळूहळू खाली चालला होता. हवा संपली की दोरी गाळात पडणार, मासा निसटायला धडपडणार, गाळ होणार, मग कुठला भाला आणि कुठलं काय. तिला खाटेवरची म्हातारी दिसली, रिकाम्या भिंतीकडं तोंड करून. सरोवरात भाला शोधायला वसंतापर्यंत थांबावं लागतं. जोझेट वसंतापर्यंत, लापशीच्या दोन घासांवर... पुढचं तिनं मनात येऊ दिलं नाही.

उरला होता हातातला दोरा. आणि दोऱ्याला ते शेपटी धरायला निघालेलं कुत्रं.

तिनं दोरा सैल सोडला. लाकडी मासा हातमोज्याच्या बाजूला उतरला. चांगला मासा असता तर दूरवरून ऐटीत वळसा घालून गेला असता. हा जागीच गरगरला आणि दोरीभोवती एक वेढा पडला. तिनं दोरा हलवला. अजून एक वेढा. "फिर रे माझ्या राजा," ती दातावर दात ठेवून म्हणाली, "फिर, मी तुला काय पण देईन." तिनं हळूच ओढलं. पर लोकरीवरून घसरला. पुन्हा सोडला, पुन्हा फिरवला, पुन्हा ओढलं, आणि कानस न मारलेली पत्र्याची कड लाल लोकरीत रुतून बसली.

मग ती सावकाश ओढत गेली. दोरा बोटांवरून वर, वर, वर. हातमोजा काठाशी आला तशी तिनं झडप घातली आणि फास मनगटात नव्हे, कोपरापर्यंत चढवला.

भाला वर ओढताना पाइकनं अख्खी खोपी भिजवली. फळीवर मासा, शेजारी भाला, मधे आर्डेल, केसांत बर्फ, मांडीवर ओला हातमोजा. ती रडतेय की हसतेय हे तिचं तिलाच कळेना. सरोवर पुन्हा एकदा हंबरलं. "झालं, झालं," ती त्याला म्हणाली. "मिळालं मला. मीग्वेच, आभार तुझे."

दुपारी विल्फ गाडी काठावर लावून आला. दार उघडून त्यानं आधी मासा बघितला, मग पाण्यानं थबथबलेली वहिनी.

"मारलास की बुडवलास त्याला?"

तिनं सगळं सांगितलं. लपवायचं मनात होतं, पण तोंडानं ऐकलं नाही. विल्फ फळीला टेकून इतका हसला, की खोपी हलली.

"म्हंजे तंबाखू दिलीस, वर भाला दिलास, वर हातमोजा! वैनी, इतका आहेर बघून तळं लाजलं असंल, म्हणून परत केलं."

"आत्याबाईंना सांगशील तर तुझ्या थाळीत डोळेच वाढीन."

"मी कशाला सांगतोय? तुझं तोंड बघूनच म्हातारी ओळखंल."

तसंच झालं. संध्याकाळी भाला भिंतीवर परत टांगताना एका दाताच्या आकड्यात लाल धागा अडकलेला होता. भिंतीवरून नजर न काढता जोझेट म्हणाली, "हातमोज्यानं मारलास का मासा?"

आर्डेल खाटेच्या कडेला बसली आणि सांगितलं. सगळं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

मग जोझेटचे खांदे हलायला लागले. "माझा टाका," ती म्हणाली. "घट्ट टाका घालते मी. दुकानातला हातमोजा असता तर उसवून गेला असता."

"टाका?" लेलंड उठून बसला, गुडघा विसरून. "मासा माझा! गोल फिरला म्हणून वाचलात! आणि कानस न्हाई मारली ती मुद्दाम!"

"खोपी कुणाची?" विल्फ म्हणाला.

"आणि भाल्यानं स्वतःच उडी मारली असंल पाण्यात," आर्डेल म्हणाली. "मी आपली तिथं शेगडी शेकत बसले हुते."

पहिल्या शिकारीचं जेवण त्यांच्यात एरवी मुलांचं होतं. आज ते पांढऱ्या केसांच्या सुनेचं झालं. आधी एक वाटी मेलेल्यांसाठी बाहेर झाडाखाली ठेवली. मग जोझेटनं चमचा भरून आर्डेलपुढं धरला. असा चमचा लगेच घ्यायचा नसतो, आधी तीनदा नाकारायचा असतो.

"नको. ज्यांना आईबाप न्हाईत त्यांना आधी."

पुन्हा चमचा.

"नको. ज्यांना बर्फावर जाता येत न्हाई त्यांना आधी."

लेलंडनं मान खाली घातली.

"नको. म्हाताऱ्यांना आधी."

"बरं," म्हणाली जोझेट, आणि चमचा स्वतःच्याच तोंडात घातला.

सगळे बघतच राहिले. असं करायचं नसतं. चौथ्यांदा चमचा सुनेला द्यायचा असतो. पण म्हातारी चघळत होती, सावकाश, काटा जिभेनं बाजूला काढत. गिळलं. मग वाटीच जवळ ओढली. "तुला देते की," ती म्हणाली, "आधी मला डोकं संपवू दे."

आर्डेलला भूक होती, पण ती नुसती बघत बसली. वाटी रिकामी झाली. म्हातारीनं पाव मागितला, वाटी पुसायला. मग एका नव्या चमच्यात शेपटीकडचा तुकडा घेऊन सुनेच्या तोंडात घातला आणि तिच्या हनुवटीवरचा रस्सा अंगठ्यानं पुसला.

रात्री दिवा मालवण्याआधी जोझेट भाल्याकडं बघून पुटपुटली. आज जरा लांबलं. मधेच तिला हसू आलं.

सोमवारी शाळेच्या स्वयंपाकघरात आर्डेलनं बटाट्याचं पोतं उसवलं, एप्रन बांधला आणि सोलायला बसली. डावा हातमोजा कढईच्या वरच्या खुंटीवर वाळत होता, परानं पाडलेलं भोक लाल दोऱ्यानं रफू केलेलं. एक मोठा पांढराशुभ्र बटाटा हाती आला. तो तिनं पुढच्या शनिवारच्या चकत्यांसाठी बाजूला, कोटाच्या खिशात टाकला, आणि पुढचा उचलला.