मुद्देमाल खोलीत फुटलेली बॅटरी

पंचांच्या सह्या घेऊन मी एक बॅटरी सीलबंद केली आणि ती माझ्याच ठाण्यात फुटली. नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण एवढा आवाज एकीनंही केला नाही. आता निवृत्तीत दुपारी डोळा लागला नाही की ते ठाणं आठवतं. कडुनिंबाखालची हजेरी, कळकट पेल्यातला चहा, आणि ती बरणी.

तेव्हा मी परभणी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. झरी-पेडगावकडच्या शिवारात विजेच्या लाइनची ॲल्युमिनियमची तार चोरीला जात होती. सकाळी विहिरीवरच्या मोटारी बंद पडायच्या, दुपारी शेतकरी ठाण्यात यायचे. वरिष्ठ फोनवर विचारत, "तपास कुठवर आला?" मी ठोकून देई, "अंतिम टप्प्यात आहे, सर." पहिला टप्पा कुठं असतो, तेही मला सापडलं नव्हतं.

अशात एक भंगारवाला आपणहून आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, पक्की खबर हाय. आमच्या गावात एक लय शिकलेली पोरगी हाय. लाइनची तार तोडून तुकडे करायली. घरात कॉस्टिक सोडा, कोळसा, काय काय भरून ठेवलंय. बाम बनवायली वाटतं."

तारचोर आणि बॉम्ब, दोन्ही एकाच घरात! मला छातीवर पदक दिसायला लागलं.

मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आईनं रोजानं शेतात जाऊन शिकवलेली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती, आणि चारित्र्य पडताळणीचा तिचा कागद माझ्याच टेबलावर पडला होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, एवढा कायदा मला येत होता. म्हणून महिला शिपाई, दोन पंच आणि आमचे जुने हवालदार घेऊन मी तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली प्लॅस्टिकचे डबे. डब्यांत पाणी, कोळशाची भुकटी थापलेली जाळी, तारेचे तुकडे, चेपलेल्या पातेल्याचे पत्रे. आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर एक छोटा दिवा चक्क जळत होता.

"हे काय आहे?"

"बॅटरी आहे, सर. ॲल्युमिनियम आणि हवेवर चालते."

"वीज कुठून घेतली?"

"ॲल्युमिनियममधूनच. हा धातू तयार करताना कारखान्यात अफाट वीज खर्च होते. ती धातूत मुरून राहते. मी ती परत काढायलेय. पत्रा झिजतो आणि दिवा जळतो."

मी पेन सरसावला. "म्हणजे वीजचोरी कबूल?"

हवालदार खोकले. त्यांच्या खोकल्याचा अर्थ मला एरवी कळायचा. त्या दिवशी पदक आड आलं.

"तार कुठली?"

"घरावरची जुनी सर्व्हिस वायर. भंगारातून घेतली."

"पावती दाखवा."

"भंगाराची पावती कोण देतं, सर?"

आई दाराला धरून उभी होती. "साहेब, तिचं पुण्याला जायचं ठरलंय. तेवढं बघा."

"कायदा आपलं काम करेल," मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी काम बिघडलं आहे.

मग जप्ती. एका प्रकरणाचा मुद्देमाल एकाच जागी असावा, या शिस्तीनं मी तुकडे, पत्रे आणि डब्यांतलं पाणी एकाच बरणीत ओतायला लावलं. मुलगी घाबरून पुढं आली. "सर, एकत्र बंद करू नका. त्या पाण्यात कॉस्टिक आहे. वायू साठेल."

"लिहून घ्या," मी महिला शिपायाला म्हणालो, "पुराव्यात ढवळाढवळ करण्याचा प्रयत्न."

फिरकीचं झाकण आवळलं. वर कापड, सुतळी, लाख, शिक्का. इतकं देखणं सील मी त्याआधी केलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी तार ओळखायला वीज कंपनीचे अभियंता आले. ठाण्यात चहा फिरत होता. तेवढ्यात मुद्देमाल खोलीतून असा धडाका झाला की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी टाकून रस्त्यावर गेले आणि मी टेबलाखाली. नशिबानं आत कोणी नव्हतं. झाकण छताला लागून खाली पडलं होतं आणि जप्तीच्या गुटख्याच्या पोत्यांवर राखाडी गाळ उडाला होता.

अभियंत्यांनी हातमोजे घालून, भरपूर पाणी ओतून गाळ काठीनं चाळला. "साहेब, लाइनच्या तारेत मधोमध पोलादाचा गाभा असतो. ॲल्युमिनियम विरघळलं तरी पोलाद राहायला हवं. इथं तर काहीच नाही."

"तिनं आधीच काढून टाकला असेल," मी अजून झुंजत होतो.

"मग तो तिच्या घरी सापडायला हवा होता," हवालदार म्हणाले. "आमी कोपरा न् कोपरा झडती घेतली, साहेब. न्हाई सापडला. आन् ही लाइनची तार हाय, हे आपल्याला सांगितलं कुणी?"

आम्ही तसेच भंगारवाल्याकडं गेलो. परसात दोडक्याचा सुंदर मांडव होता, दोडके लोंबत होते. वेल चढवला होता पिळदार पोलादी तारांवर. अभियंत्यांनी एक तार हातात घेतली आणि माझ्यापुढं धरली. लाइनच्या तारेतून ॲल्युमिनियम सोलून विकलेलं, गाभा मांडवाला लावलेला!

भंगारवाला मांडवाखालीच बसला. "पोरगी लय चौकस, साहेब. 'एवढी नवी तार तुमच्याकडं कुठून यायली?' म्हणून इचारलं तिनं. मी भ्यालो."

त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. खबर घेऊन आपणहून आलेल्या माणसाला आधी विचारावं, तुला हे कसं कळलं? आणि समोरचा माणूस जे सांगतो, ते सगळंच स्वतःच्या बचावासाठी नसतं. कधी कधी तो आपल्याला वाचवायला बघत असतो.

पडताळणीचा कागद मी सही करून स्वतः तिच्या घरी नेला. मुलगी बॅग भरत होती. "मी जातीनं खात्री करून घेतली," मी आईला ऐटीत सांगितलं, "तुमची मुलगी निर्दोष आहे."

आईनं चहाचा कप माझ्या हातात दिला. "ते आमच्या गल्लीतल्या लेकरालाबी ठाऊक हुतं, साहेब. तुमाला कळायला ठाण्यात बरणी फुटावी लागली."